पहिल्या स्वेटरचा टांका

गोदावरीच्या उत्तर तीरावर, पैठणाच्या खालच्या अंगास, शहागड हें गांव आहे. औरंगाबादेहून, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगराहून, बीडकडे व पुढें सोलापुराकडे जाणारा मार्ग येथेंच नदी ओलांडतो. जवळच, पलीकडच्या तीरीं, राक्षसभुवन आहे. तेथें १० ऑगस्ट १७६३ रोजीं थोरल्या माधवरावांनीं निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर याचा पराभव केला. निजाम स्वतः नदी उतरून गेला होता, आणि दिवाण फौजेसह मागें राहिला होता. या लढाईच्या डावपेंचांची चर्चा इतिहासाच्या पुस्तकांत भरपूर सांपडते. त्या पावसाळ्यांत आणि त्यापुढच्या हिंवाळ्यांत या तीरावरचा सामान्य माणूस अंगावर काय घेत होता, याची चर्चा मात्र सहसा सांपडत नाहीं.

तो घोंगडी घेत होता. गोदेच्या दोन्ही अंगांस पसरलेल्या माळांवर धनगरांचे कळप पिढ्यान्‌पिढ्या चरत आले. दख्खनी मेंढी ही काटक जात. तिची लोकर आंखूड, राठ आणि बहुधा काळीच. वर्षांतून दोनदां मेंढ्या कातरावयाच्या, लोकर पिंजावयाची, तिचें सूत काढावयाचें, ताण्यास चिंचोक्यांची खळ लावून तो कुंच्यानें सारखा करावयाचा आणि मग खड्डामागावर पट्टा विणावयाचा, अशी ही रीति. पावसांत तिचीच डोक्यावरून खोळ, थंडींत पांघरूण, रात्रीं अंथरूण आणि पाहुणा आला म्हणजे बैठक. संतांच्या अभंगांतही ती आली आणि थेट विठोबाच्या खांद्यावर जाऊन बसली.

या सगळ्या खटाटोपांत स्त्रीचा हात कोठें थांबे, हें पाहण्यासारखें आहे. लोकर निवडणें, ती मोकळी करणें, सूत काढणें हें तिचें काम. माग मात्र बहुधा पुरुषाचा. वर पैठणास पैठणी होई, औरंगाबादेस हिमरू होई. तेथेंही कांड्या भरणें आणि रेशीम उकलणें बायकांकडे, मागावर बसणें पुरुषांकडे. सूत तिचें आणि वस्त्र त्याचें, असा हा वांटा होता. ज्या घरांत माग नव्हता तेथें तर एवढाही संबंध नव्हता. वस्त्र पेठेंतून यावयाचें. घरीं करावयाची ती गोधडी. गोधडींत कौशल्य आहे, परंतु ती जुन्या चिंध्यांची. बिघडली तरी नवें कांहीं फुकट गेलें असें होत नसे. कोरा माल हातीं घेऊन, पहिल्या टांक्यापासून शेवटच्या टांक्यापर्यंत, माणसाच्या अंगाला बसेल असें एक अखंड वस्त्र आपणच तयार करावयाचें, असा प्रसंग या स्त्रीवर आलाच नव्हता. स्वेटर हातीं घेण्यास आपल्याकडील बाई इतकी वर्षें कां कचरली, याचें खरें कारण येथें आहे. तिला आळशी किंवा भित्री म्हणणें हें अन्यायाचें होईल.

भाषेंतही याची एक खूण राहिली आहे. इंग्रजींत मागावरच्या कामास एक क्रियापद आणि सुयांवरच्या कामास दुसरें. मराठींत दोहोंस एकच, विणणें. कोष्टीही विणतो, सणगरही विणतो, आणि ओसरीवर गुंडा घेऊन बसलेली सूनबाईही विणते. सुयांवरचें काम आपल्याकडे पाहुण्यासारखें आलें, त्यास वेगळें नांव देण्याची गरज कोणास वाटली नाहीं, आणि मागाचेंच जुनें क्रियापद त्यास वापरावयास दिलें गेलें.

हें काम जगांतही फारसें प्राचीन नाहीं. मागावरचें कापड हजारों वर्षांचें. पण दोन सुयांवर विणलेल्या वस्तूंचे जे अगदीं जुने नमुने संग्रहालयांतून जपून ठेवले आहेत, ते इजिप्तमधील सुती मोजे असून अकराव्या शतकाच्या अलीकडचेच मानले जातात. तेथून ही विद्या युरोपांत गेली. गंमत अशी कीं, तेथील मोठ्या शहरांतून मोजे विणणाऱ्यांचे जे संघ झाले ते पुरुषांचे होते. आणि १५८९ सालीं मोजे विणण्याचें यंत्र शोधून काढणारा विल्यम ली हाही पुरुषच. हातविणकाम हें बायकांचें काम ठरलें तें पुढें.

स्वेटर हा शब्द तर त्याहूनही अलीकडचा. तो घाम या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तिकडचे खेळाडू घाम येऊन अंग हलकें व्हावें म्हणून लोकरीचा जाड अंगरखा घालीत, त्याचें हें नांव. घामासाठीं निघालेलें वस्त्र आपल्याकडे थंडीसाठीं आलें, आणि ज्या प्रदेशांत वर्षाचे आठ महिने घाम पुसण्यांत जातात त्या मराठवाड्यांत रुजलें!

या लोकरी कपड्यांच्या कुळकथेंत एका युद्धाचें नांव वारंवार येतें. रशियाशीं इंग्लंड, फ्रान्स व तुर्कस्तान यांचें क्रिमियांत जें युद्ध झालें, त्यांतील १८५४-५५ चा हिंवाळा इंग्रज शिपायांना फार बाधला. नोव्हेंबर १८५४ मध्यें बालाक्लाव्हा बंदराबाहेर वादळ होऊन थंडीच्या कपड्यांनीं भरलेलें जहाज बुडालें. शिपाई कुडकुडत राहिले. त्या युद्धांतील एका सरदाराचें नांव पुढून उघड्या लोकरी जाकिटास मिळालें, तें कार्डिगन. दुसऱ्याचें नांव मानेपासून निघणाऱ्या बाहीस मिळालें, ती रॅग्लन. आणि त्या बंदराचें नांव तोंडापुरती उघडी असणाऱ्या टोपीस मिळालें. आपण त्या टोपीस माकडटोपी म्हणतों. हिंवाळ्याच्या पहांटे गोदाकाठीं फिरावयास निघालेला वृद्ध गृहस्थ क्रिमियाच्या युद्धाचें स्मारकच डोक्यावर घेऊन चाललेला असतो, याची त्यास बहुधा कल्पना नसते. सांगावयाचें तें एवढेंच कीं, दूरच्या थंडींत अडकलेल्या शिपायासाठीं घरच्या स्त्रीनें सुया हातीं घ्याव्या, हा प्रकार तेव्हांपासून रूढ होत गेला. पुढें तो आपल्याही दारीं आला.

मराठी मुलखांत सुया प्रथम आणल्या त्या मिशनरी बायकांनीं. १८२७ सालीं मुंबईस आलेल्या आणि पुढें अहमदनगरास, आतांच्या अहिल्यानगरास, स्थायिक झालेल्या सिंथिया फरार या अमेरिकन बाईची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यांत तशी शाळा काढण्याची प्रेरणा झाली, हें प्रसिद्धच आहे. अशा शाळांतून अक्षरओळखीच्या जोडीला सुईकाम असेच. शहागडाच्या अधिक जवळचें उदाहरण जालन्याचें. तेथें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनीं मिशनचें काम उभें केलें आणि शहराजवळ बेथेल नांवाचें गांव वसविलें. निजामाच्या राज्यांत, मराठी बोलणाऱ्या लोकांत, हा नवा संसार मांडला गेला.

परिणाम असा झाला कीं, रंगीत लोकरीचा गुंडा दिसला कीं सनातनी घरांतील वडीलधाऱ्यांस मिशनचा वास येई. त्यांची शंका अगदींच निराधार होती असें नाहीं, कारण सुईमागून पुस्तक आणि पुस्तकामागून उपदेश येत असे. तरीही सुईकामानें तंटा मिटविण्यासही मदत केली. पुण्यास १८८४ सालीं हुजूरपागेंतील मुलींची शाळा निघाली तेव्हां तिच्या अभ्यासक्रमावरून मोठें वादळ झालें. मुलींस इंग्रजी शिकवावें कीं नाहीं, किती वेळ शिकवावें, यावर पक्ष पडले. पण शिवणटिपणास मात्र कोणी फारसा विरोध केला नाहीं. दोन्ही पक्षांना पटणारा असा हा एक विषय होता. १९०९ सालीं रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनीं पुण्यास सेवासदन काढलें, तेथेंही शिवणाचे वर्ग हे कामाचें एक मोठें अंग होतें. अशा वर्गांतून शिकलेली मुलगी लग्न होऊन दूरच्या गांवीं गेली म्हणजे तिच्या पेटींतून सुयाही जात.

सुया गेल्या, पण स्वेटर लगेच झाला नाहीं. प्रथम झालें तें बाळाचें टोपडें, मग पायमोजे, मग गळपट्टा. येथवर बहुतेक जणी येत आणि थांबत. स्वेटरच्या आड अनेक अडचणी होत्या. लोकर ही जिन्नस घरास परकी नव्हती. उलट लोकरीस विटाळ नाहीं अशी समजूत असल्यानें सोवळ्यांत धाबळी चाले. पण शिवलेलें वस्त्र सोवळ्यांत चालत नाहीं. स्वेटर लोकरीचा म्हणून शुद्ध आणि पाठ-पोट सुईनें जोडलेलें म्हणून ओंवळा, असा हा पेंच. त्याचा निर्णय धर्मशास्त्रानें केल्याचें दिसत नाहीं, पूजेच्या वेळीं तो खुंटीवर टांगून घराघरानें आपापल्यापुरता केला. दुसरी अडचण मालाची. दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीस उत्तम, पण अंगाशीं लागली तर टोंचते. सुयांवर विणावयास मऊ मेरिनो लोकर हवी, आणि ती परदेशची. कानपूरची लोकरीची गिरणी १८७६ ची, धारीवालची १८८० ची, ठाण्याची रेमंड १९२५ ची; त्याआधीं आणि नंतरही बरीच वर्षें चांगली लोकर म्हणजे विलायती लोकर असा समज होता. स्वदेशीच्या चळवळींत, १९०५ नंतर आणि पुढें १९३० सालीं, ज्या घरांतील परदेशी कापडाची होळी झाली त्या घरांत विलायती गुंडा आणणें हें चोरट्या मालासारखें होतें. शहागडासारख्या गांवीं तर गुंड्यासाठीं जालना नाहीं तर औरंगाबाद गांठावें लागे. तिसरी अडचण पुस्तकाची. नमुने इंग्रजी पुस्तकांतून, तेही अक्षरांच्या खुणांनीं लिहिलेले. एकीनें दुसरीच्या हातांकडे पाहून शिकावें, हाच मार्ग. त्यांतूनच सुलट आणि उलट हे दोन सुटसुटीत शब्द रुळले. पुढें स्त्रियांच्या मासिकांतून मराठी नमुने येऊं लागले, तेव्हां हेच शब्द छापले गेले.

पण सर्वांत मोठी अडचण गणिताची. ती येथें मांडून पाहण्यासारखी आहे. मोठ्या माणसाचा स्वेटर घ्या. छाती ३६ इंच, त्यांत सैलपणासाठीं २ इंच मिळविले म्हणजे घेर ३८, आणि एका पाखेची रुंदी १९ इंच. इंचास ६ टांके बसतात असें धरलें तर सुईवर ११४ टांके घालावयाचे. लांबी २४ इंच, इंचास ८ ओळी, म्हणजे १९२ ओळी. एका पाखेचे टांके जवळजवळ २२ हजार, दोहोंचे ४४ हजार. दोन बाह्यांचे आणखी सुमारें २२ हजार. मुंढे आणि गळा यांसाठीं कमी केलेले टांके वजा घातले तरी ६० हजारांच्या आसपास संख्या राहते. मिनिटास २० टांके हा सवय झालेल्या हाताचा साधारण वेग धरला तर ५० तास लागतात. दुपारची झांकपाक आटोपल्यावर रोज दोन तास मिळाले, आणि ते कोणाच्या संसारांत रोज मिळतात, तरी पंचवीस दिवस.

त्यांत आणखी एक मेख आहे. हात जरासा सैल पडला आणि इंचास सहाऐवजीं साडेपांच टांके बसले, तर तीच ११४ टांक्यांची पाख १९ इंचांऐवजीं पावणेएकवीस इंच होते, आणि घेरांत साडेतीन इंचांची चूक पडते. म्हणून जाणत्या बायका आधीं चार इंचांची पट्टी विणून टांके मोजावयास सांगतात, आणि नवशिक्या बायका ती पट्टी टाळतात. ज्या स्त्रीनें पायमोज्यापलीकडे कधीं कांहीं विणलें नाहीं तिनें ही संख्या ऐकून सुया पेटींत ठेवून दिल्या तर तिला नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं.

मग तिनें त्या बाहेर केव्हां काढल्या? पुष्कळ घरांत याचें उत्तर पहिलें मूल हें आहे. पण इतिहासाच्या दृष्टीनें पाहिलें तर तीन युद्धांचीं नांवें घ्यावीं लागतात. पहिल्या महायुद्धांत पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर मराठा पलटणी मेसापोटेमियांत गेल्या आणि कुत-अल-अमाराच्या वेढ्यांत डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत अडकल्या. तें वाळवंट म्हणजे उष्ण प्रदेश, अशी इकडे समजूत. प्रत्यक्षांत तेथील हिंवाळा, पाऊस आणि चिखल यांनीं माणसें गारठलीं. मुंबईस लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानें स्त्रियांची एक शाखा युद्धनिधीसाठीं काम करीत होती. दुसऱ्या महायुद्धांत मराठा पलटणी इटलींत लढल्या. १० जुलै १९४४ रोजीं यशवंत घाडगे यांनीं आणि ९ एप्रिल १९४५ रोजीं नामदेव जाधव यांनीं तेथें व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. या दोन तारखांच्या मधला हिंवाळा त्या पलटणींनीं इटलीच्या डोंगरांत काढला. तरीही हीं दोन्ही युद्धें सरकारचीं होतीं. विणणाऱ्या होत्या त्या बहुधा शहरांतल्या आणि साहेबी वर्तुळाच्या आसपासच्या. शहागडच्या ओसरीपर्यंत ती हांक पोंचण्याचें कारण नव्हतें. तें गांव निजामाच्या मुलखांतलें, आणि १९४८ पर्यंत तेथील लोकांना स्वतःच्याच विवंचना पुष्कळ होत्या.

तिसरी हांक निराळी होती. २० ऑक्टोबर १९६२ रोजीं चीननें हिमालयांत हल्ला केला. नेफांत घाईनें धाडलेले आपले जवान उन्हाळी सुती गणवेषांत आणि कॅनव्हासच्या बुटांत बर्फावर उभे आहेत, ही बातमी देशभर पसरली. दोन वर्षांपूर्वींच मराठवाडा नव्या महाराष्ट्रांत आला होता. नोव्हेंबरांत यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, आणि हिमालयाच्या हांकेला सह्याद्रि धांवला हें वाक्य घरोघरीं झालें. बायकांनीं अंगावरचे दागिने दिले. आणि ज्यांच्याजवळ दागिना नव्हता, किंवा देऊनही मन भरलें नव्हतें, त्यांनीं खाकी व हिरव्या लोकरीचे गुंडे आणले. शाळांतून, महिला मंडळांतून, कचेरीच्या मधल्या सुटींत, आगगाडीच्या डब्यांत सुया चालूं लागल्या.

टोपड्याशीं थांबलेल्या कितीतरी जणींनीं पहिला मोठा स्वेटर हातीं घेतला तो त्या हिंवाळ्यांत. यांत एक विलक्षण गोष्ट आहे. बाळाचें टोपडें बाळाच्या डोक्यावर ठेवून पाहतां येतें. जवानाचें माप कोठें मिळणार? घरांतील धन्याची किंवा दिराची छाती मोजावयाची, दोन इंच अधिक धरावयाचे आणि टांके घालावयाचे. ज्याला कधीं पाहिलें नाहीं, ज्याचें नांव ठाऊक नाहीं, त्याच्या अंगाला बसेल असें वस्त्र करावयाचें. चूक झाली तर घरांतल्या घरांत हंसून सोडून देण्याची सोय नाहीं. गळा अरुंद राहिला तर दूर कोठेंतरी बर्फांत एका माणसाच्या डोक्यांतून तो जाणार नाहीं. जी स्त्री साठ हजार टांक्यांना भ्याली ती या विचारानें भ्याली नाहीं, उलट बसली. नमुन्याची पट्टीही विणली. शेजारच्या काकूंकडे जाऊन मुंढ्याचे टांके कसे कमी करावे तें दोनदोनदां विचारून आली.

हिशेब केला तर ऑक्टोबरच्या अखेरीस पहिला टांका घातलेला स्वेटर २१ नोव्हेंबरच्या युद्धबंदीपूर्वीं क्वचितच पुरा झाला असेल. म्हणून तो वायां गेला असें मात्र नव्हे. लढाई थांबली तरी हिंवाळा थांबला नव्हता, आणि जवान तेथेंच होते.

त्यानंतर स्वेटर ही नवलाची वस्तु राहिली नाहीं. लुधियान्याच्या यंत्रांवर विणलेला माल स्वस्त झाला. तिबेटी निर्वासितांचीं दुकानें थंडीच्या दिवसांत शहरांच्या पदपथांवर मांडलीं जाऊं लागलीं. हातविणीचा स्वेटर महाग आणि हौसेचा ठरला. सणगरांचे मागही पुष्कळ ठिकाणीं थांबले आहेत, आणि दख्खनी लोकर कातरणीच्या खर्चालाही पुरत नाहीं अशी मेंढपाळांची तक्रार असते. घोंगडी आतां शहरांतल्या प्रदर्शनांत मांडली जाते.

एका बाबतींत मात्र हातानें विणलेल्या स्वेटरची बरोबरी ना घोंगडीस करतां आली, ना पेठेंतल्या कापडास. शिंप्याची कात्री चुकली कीं कापड गेलें. विणकामांत चूक दिसली तर सुई काढावी, दोरा ओढावा, आणि ओळीमागून ओळ उसवत चुकीच्या जागेपर्यंत परत जावें. लोकर होती तेवढीच शिल्लक राहते. जी बाई बिघडेल म्हणून सुया हातीं घेत नव्हती, तिच्या हातीं शेवटीं जी कला आली तींत बिघडलेलें सगळें परत मिळत होतें. हें तिला विणावयास बसल्यावरच कळलें, आणि एकदां कळल्यावर तिनें त्याचा भरपूर उपयोग केला. थोरल्याचा स्वेटर आंखूड झाला कीं दिवाळीनंतरच्या एखाद्या दुपारीं तो उसवावयास घेई. धाकट्याचे दोन्ही हात पुढें धरावयास लावून त्यांवर लडी गुंडाळी. वर्षानुवर्षें वळलेली लोकर कुरळी झालेली असे. ती कोमट पाण्यांत बुडवून, खालीं वजन बांधून, दोरीवर टांगून ठेवी. सकाळपर्यंत ती सरळ होई, आणि दुपारीं धाकट्याची छाती मोजली जाई.